गिरणगाव : वाफ, ऊन आणि वीज

मराठीत दळण दळणारी ती गिरणी आणि सूत काढणारी तीही गिरणीच. परळ-लालबागच्या चाळीत मात्र ‘गिरणीत जातो’ एवढे म्हटले की, पिठाच्या गिरणीचा विचार कोणाच्या मनात येत नसे.

इंग्लंडमधील आरंभीच्या सूतगिरण्या नदीकाठी पाणचक्कीवर चालत. मुंबई बेटावर अशी जोरकस वाहती नदी नाही. त्यामुळे कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापलेल्या कंपनीची ताडदेवची गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली ती वाफेवर. कोळसा समुद्रमार्गे आणावा लागे. पाण्यासाठी गिरण्यांच्या आवारात तलाव खोदले जात. एकाच इंजिनाच्या जोरावर प्रत्येक मजल्यावरील दांडे व पट्टे फिरत. इंजिन चालू तर सारी गिरणी चालू.

इंजिन थकत नसे. माणूस थकत असे. कामाला मर्यादा होती ती सूर्याची. दिवे नसल्याने उजाडता काम सुरू होई व अंधार पडता थांबे. साहजिकच उन्हाळ्यातील पाळी हिवाळ्याहून लांब. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी नऊ तासांची मर्यादा घातली. प्रौढांविषयी तो मौनच होता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सभा भरवून सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन सिद्ध केले. रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, वेळेवर पगार आणि जखमी कामगारास भरपाई, अशा त्या मागण्या होत्या. आजच्या वाचकास त्या किती माफक वाटतील! रविवारची सुटी मिळण्यास १८९० साल उजाडावे लागले.

विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्याची ती मर्यादाही गेली. काही गिरण्यांत काम पंधरा तासांपर्यंत लांबले. सोय म्हणून आलेला दिवा कामगाराच्या झोपेवर उठला, असेच म्हणावे लागते. अखेर १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा ठरविली.

पुढे १९१५ मध्ये लोणावळ्याच्या तलावांचे पाणी घाटाखाली खोपोलीस सोडून टाटांच्या केंद्रात वीज निर्माण होऊ लागली व ती मुंबईच्या गिरण्यांना मिळाली. नदी नसलेल्या बेटावरील माग अशा रीतीने सह्याद्रीच्या पाण्यावर फिरू लागले.