ज्वारीची भाकरी : एका धान्याची चार नावे

नारायणगुड्यातील मराठी घरात जिला भाकरी म्हणतात, तीच शेजारच्या तेलुगु घरी जोन्न रोट्टे, कलबुर्गीकडून आलेल्या बिऱ्हाडात जोळद रोट्टी आणि उर्दू बोलणाऱ्यांकडे ज्वार की रोटी होय. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली. मराठवाडा त्या वेळच्या मुंबई राज्यात, बीदर, रायचूर व कलबुर्गी म्हैसूरकडे, आणि तेलंगण आंध्राकडे गेले. सरहद्दी बदलल्या, पण कमी पावसाच्या जमिनीस ज्वारीच मानवते, म्हणून चुलीवरचे अन्न बदलले नाही.

आमच्या तरुण भगिनींची तक्रार असते की, भाकरी थापताना चिरते. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, हे त्याचे कारण. दळून फार दिवस झाले की पिठाची विरी जाते; म्हणून पीठ थोडे थोडेच दळून आणावे. आधणाच्या पाण्यात भिजवून तळहाताने चांगले मळावे, तव्यावर टाकताच वरच्या अंगास पाणी फिरवावे व ते पुरते सुकण्यापूर्वी भाकरी उलटावी. हे ज्ञान शेजारणींनी एकमेकींच्या परातीकडे पाहूनच घेतले आहे.

परंतु भाकरीस पंक्तीत मान नव्हता. पाहुण्यास भात-पोळी आणि गड्यास भाकरी, ही रीत आपल्याच घरांतून चालत आली, हे आम्हांस नमूद केले पाहिजे. (आज शहरात उत्तम शाळू पुष्कळदा गव्हाहून महाग मिळतो, तेव्हा ती गंमतही पाहावी.)

१९८३ साली एन. टी. रामाराव यांच्या सरकारने दोन रुपये किलोने तांदूळ दिला. त्याने गरिबांची पोटे भरली, हे उपकार मोठेच. पण रेशनवर तांदूळच मिळू लागल्यावर कोरडवाहू शेतकऱ्याच्या ज्वारीस कोण विचारणार? पीक गेले की गुरांचा कडबाही जातो.

यावर उपाय मुंबईच्या रस्त्यावरील जहिराबादच्या आसपास निघाला. तेथे १९८३ पासून काम करणाऱ्या डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या संघम्‌मधील स्त्रियांनी, ज्यांत बहुसंख्य दलित आहेत, पडीक जमिनी लागवडीस आणल्या, ज्वारी गावातच साठवली आणि गरीब घरांस स्वस्त दराने दिली. कोणाचे घर किती गरीब, हे गावकऱ्यांनीच बसून ठरविले. ज्यांच्या हाती पूर्वी इतरांच्या शेतातील मजुरीच होती, त्यांच्या हाती कोठाराचे माप आले. २०१९ साली या संस्थेस संयुक्त राष्ट्रांचे इक्वेटर पारितोषिक मिळाले.

विश्वस्तांपुढे आमची एक सूचना आहे. वार्षिक भोजनात श्रीखंड-पुरी अवश्य असावी. पण पहिल्याच वाढपात भाकरी-पिठले यावे, ज्वारी अशाच कोरडवाहू शेतकरी स्त्रियांकडून योग्य भावाने घ्यावी, आणि थापण्यास तेलुगु व कन्नड शेजारणींसही बोलवावे. वाढणारे व जेवणारे यांनी मात्र एकाच पंक्तीत बसावे.