भाव झाकलेला, व्यवहार उघडा

लातूर आणि नांदेड जिल्ह्यांतल्या जनावरांच्या खरेदी-विक्रीचा एक गट मी सांभाळतो. नोकरीत पशुधन पर्यवेक्षक होतो. उदगीर, देवणी, लोहा, कंधार या पट्ट्यातले गोठे ओळखीचे, आणि निवृत्तीनंतरही लोक ‘डॉक्टर’ म्हणूनच हाक मारतात. २०२० मध्ये कोरोनाने आठवडी बाजार बंद पाडले तेव्हा फोनवर फोटो पाठवून सौदे सुरू झाले. २०२२ च्या सप्टेंबरात लम्पीमुळे जनावरांचे बाजार पुन्हा बंद झाले आणि तात्पुरता म्हणून काढलेला गट कायमचा झाला. देवणीचा गोऱ्हा, लाल कंधारी कालवड, उस्मानाबादी शेळ्या, दुभती म्हैस. फोटो पडतो, खाली दोन दाती की चार दाती ते लिहिलेलं असतं, भाव मात्र दोघांत खासगीत ठरतो.

गट सिग्नलवर आहे. २०२१ च्या जानेवारीत व्हॉट्सॲपच्या नव्या गोपनीयता धोरणाची सूचना सगळ्यांच्या फोनवर आली आणि देशभर लोक सिग्नलकडे वळले, त्यात आम्हीही होतो. तेव्हा पसरलेली निम्मी भीती खोटी होती. व्हॉट्सॲपवरचे संदेशही २०१६ पासून एन्क्रिप्टेड आहेत, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून मधल्या कुणाला वाचता येत नाहीत. पण आमच्या लोकांचं कारण वेगळं होतं आणि ते मला पटलं. बैलजोडी विकायला काढली की गाव ओळखतं, घरात नड आहे. मुलीचं लग्न असेल, दवाखाना असेल, बँकेची नोटीस असेल. नड कळली की भाव पडतो. शिवाय जनावरांची गाडी किती वाजता, कोणत्या रस्त्याने निघाली हे अनोळखी गटांतून फिरणं हल्ली कुणालाच परवडत नाही. आपली नड चारचौघांत जाऊ नये असं वाटणाऱ्या शेतकऱ्याला गोपनीयतेची गरज शहरातल्या माणसापेक्षा काकणभर जास्तच आहे.

या गटात मी जे नुकसान होताना पाहिलं, ते बहुतेक वेळा अपडेटच्या निमित्ताने झालं. एक प्रकार तपशिलाने सांगतो.

२०२४ च्या फेब्रुवारीत सिग्नलने मोठा बदल आणला. तोवर गटातल्या प्रत्येकाचा मोबाईल नंबर सगळ्यांना दिसे. या बदलानंतर, ज्यांच्याकडे तुमचा नंबर आधीपासून जतन केलेला नाही त्यांना तो दिसेनासा झाला; फक्त तुम्ही ठेवलेलं नाव आणि फोटो दिसू लागला. ज्याला हवं त्याला नंबर न देता बोलण्यासाठी वेगळं ‘युजरनेम’ही घेता येऊ लागलं. सुधारणा चांगलीच होती. बायाबापड्या शेळ्या विकायला गटात येतात, त्यांचे नंबर शेकडो लोकांना दिसू नयेत हे मला कधीचं हवं होतं. पण नाव आणि फोटो कुणालाही कसाही ठेवता येतो. कुणीतरी माझंच नाव घेतलं, माझाच फोटो लावला आणि गटातल्या लोकांना एकेकट्याला निरोप धाडला, “जुनं व्हर्जन आज रात्री बारा वाजता बंद होणार. खालची फाईल टाकून घ्या, नाहीतर गटातून बाहेर पडाल.”

लोहा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने ती फाईल टाकली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो फोन घेऊन माझ्याकडे आला. “डॉक्टर, तुमचंच ॲप टाकलं की ओ, अन् बँकेत पैसे नाहीत म्हणायलेत.” मी फोन हातात घेतला. पडद्यावर शेजारीशेजारी दोन निळी चिन्हं होती, दोन्हींत तोच बोलण्याचा फुगा, एकाखाली नावापुढे ‘न्यू’ लावलेलं. सेटिंग्जमध्ये जाऊन पाहिलं तर त्या नव्या ॲपला एसएमएस वाचायची आणि पाठवायची परवानगी दिलेली, आणि ‘ॲक्सेसिबिलिटी’ सुरू केलेली. ही दुसरी परवानगी खरं तर अंध आणि अपंग व्यक्तींच्या सोयीसाठी असते. ती मिळाली की ते ॲप पडद्यावरचं सगळं वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबू शकतं. बँकेचे एसएमएस आदल्या दुपारपासून त्याला दिसलेच नव्हते. ते येत होते, पण हे ॲप ते मधल्यामध्ये गिळून पुढे पाठवत होतं. खात्यातले पैसे गाय विकून आलेले होते.

एवढी साधी फसवणूक चालली कशी, असं कुणी विचारेल. चालली, कारण तिच्यात अर्धं खरं होतं. सिग्नलची जुनी आवृत्ती साधारण तीन महिन्यांनी खरोखरच कालबाह्य होते आणि अपडेट घेतल्याशिवाय पुढे निरोप पाठवू देत नाही. आमच्याकडचे फोन जनावरांच्या व्हिडिओंनी आणि सकाळच्या शुभेच्छांच्या चित्रांनी गच्च भरलेले असतात. जागा नसली की प्ले स्टोअरचं अपडेट आपोआप उतरत नाही. त्यामुळे ‘ॲप बंद होणार’ ही सूचना लोकांनी खरीखुरी पाहिलेली असते, आणि तेच कुणी निरोपातून सांगितलं की पटतं. फरक इतकाच की खरी सूचना ॲपच्या आत वरच्या बाजूला पट्टीसारखी येते, दाबली की प्ले स्टोअरवर नेते. ती कुणा माणसाकडून निरोपात येत नाही, माझ्याकडूनही नाही. लग्नपत्रिका, आरटीओचं चलन, पीएम किसानची यादी अशा नावांनी फिरणाऱ्या एपीके, म्हणजे ॲप टाकायच्या, फायलींची जात हीच आहे.

एक खूण तर फार उपयोगाची आहे. अँड्रॉइड फोनवर सिग्नल पूर्वी साधे एसएमएसही सांभाळायचं. ते काम सोडत असल्याचं त्यांनी २०२२ च्या ऑक्टोबरात जाहीर केलं आणि मग सोडलं. म्हणून सिग्नलच्या नावाचं एखादं ॲप आज तुमच्याकडे एसएमएसची परवानगी मागत असेल तर ते सिग्नल नाही. तिथेच काढून टाका.

प्ले स्टोअरवरही डोळे उघडे ठेवावे लागतात. ईसेट या सुरक्षा कंपनीने २०२३ मध्ये ‘सिग्नल प्लस मेसेंजर’ नावाचं नकली ॲप उघड केलं होतं. ते प्ले स्टोअरवर आणि सॅमसंगच्या स्टोअरवरही होतं, आणि वापरणाऱ्याचं सिग्नल खातं गुपचूप हल्लेखोराच्या उपकरणाला जोडत होतं. त्यामुळे नावाखाली बनवणाऱ्याचं नाव वाचा: ‘सिग्नल फाउंडेशन’. अपडेट घेताना आधी फोनमधले दहा-वीस व्हिडिओ काढून जागा करा, मग प्ले स्टोअर स्वतः उघडून ॲपचं नाव शोधा आणि तिथूनच घ्या.

त्या शेतकऱ्याच्या बाबतीत आम्ही आधी त्याचा फोन ‘एअरप्लेन मोड’वर टाकला, माझ्या फोनवरून १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि त्याच्या बँकेला खातं थांबवायला सांगितलं. काही रक्कम पुढच्या खात्यात गोठवली गेली, बाकीची गेली. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक ग्राहकाची असली तरी त्याने बँकेला कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेला सोसावं लागतं. म्हणून आधी पोरांना फोन लावू, सकाळी शाखेत जाऊ, असं करत रात्र घालवू नका. कळवल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या.

त्यानंतर गटाच्या लिंकवरून येणाऱ्या प्रत्येकाला ॲडमिनची मंजुरी सक्तीची केली. अनोळखी माणसाचा पहिला निरोप सिग्नल थेट आत सोडत नाही. स्वीकारायचा की अडवायचा ते विचारतं, आणि तुमचे सामायिक गट कोणते हेही दाखवतं. माझ्या नावाने निरोप आला आणि सामायिक गट एकही दिसत नसेल तर तो मी नाही. नुसत्या नावावर विश्वास ठेवण्यापेक्षा आवाज ऐका.

दुसरी गोष्ट आपोआप नाहीशा होणाऱ्या निरोपांची. ठरावीक वेळ लावली की निरोप दोन्हीकडून पुसले जातात, आणि २०२१ पासून प्रत्येक नव्या संभाषणाला ही वेळ आधीच लावून ठेवता येते. घरगुती बोलण्याला उत्तम. पण हाळी हंडरगुळीच्या बाजारात ओळख झालेल्या दोघांनी पुढचा सौदा फोनवर केला, इसार दिला, आणि आठवड्याने जोडी न्यायची ठरली. न्यायच्या दिवशी भांडण. एक म्हणतो झूल आणि घुंगरमाळा धरून भाव ठरला होता, दुसरा म्हणतो नुसत्या जनावरांचा. सगळं लिहिलेलं होतं, पण पुसलं गेलं होतं. मला आजही वाटतं, दोघांपैकी कुणीच लबाड नव्हतं. इसाराची यूपीआय नोंद आणि तिथे हजर असलेला एक शेजारी, एवढ्यावर ते मिटलं. सौद्याचं बोलणं सुरू झालं की आधी ती वेळ बंद करा. इसार दिला की कागदावर चार ओळी लिहा: जनावर कोणतं, भाव किती, इसार किती, न्यायचं कधी. दोघांच्या सह्या करून फोटो काढा.

यावर मला आमचा जुना बाजार आठवतो. हाळीला काय नि माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत काय, व्यापारी उपरण्याखाली एकमेकांचा हात धरत आणि बोटं दाबून भाव सांगत. भोवती माणसांचा गराडा असला तरी आकडा त्या दोघांपुरताच राही. पण बैल सगळ्यांसमोर उभा असे. कुणीही त्याचे दात पाहावेत, चालवून पाहावं, आणि सौदा झाला की बाजाराची पावती फाटे. लपवायचा तो फक्त भाव. फोनवरच्या बाजारात नेमकं उलटं होऊ लागलं आहे. माणूसही झाकलेला, जनावरही झाकलेलं, आणि पावती पुसून टाकलेली.

मधला माणूसच नको म्हणणाऱ्यांचाही एक मोठा प्रयोग होऊन गेला. ‘ओपनबझार’ नावाचा जागतिक बाजार २०१६ मध्ये सुरू झाला. कंपनी मध्ये नाही, दलाली नाही, खरेदीदार आणि विक्रेता थेट एकमेकांशी जोडलेले. तरी त्यांनाही वादासाठी तिसरा माणूस ठेवावा लागला. दोघांनी मिळून मध्यस्थ निवडायचा आणि माल पोचेपर्यंत पैसे अडकवून ठेवायचे, अशी त्यांची सोय होती. २०२१ च्या सुरुवातीला त्यांची मदतीची यंत्रणा बंद झाली. आपल्या सौद्यातही दोघांच्या ओळखीचा एक साक्षीदार असू द्या. तो फोनवर हजर असला तरी चालेल.

जनावर उघडं ठेवायची आमची रीत आता कानातल्या बिल्ल्यावर आहे. १ जून २०२४ पासून राज्यात टॅगशिवाय जनावराच्या खरेदी-विक्रीला मनाई आहे. बारा अंकी नंबर असलेला तो पिवळा बिल्ला आणि मालकाचा चेहरा, दोन्ही एकाच व्हिडिओ कॉलवर दिसल्याशिवाय गटातल्या कुणी इसार पाठवू नये, असं मी सांगतो. इंटरनेटवरून उचललेला फोटो तिथे टिकत नाही.

क्यूआर कोडबाबत दोन वेगळी भयं आहेत आणि लोक ती एकत्र करतात. पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही की पिनही टाकावा लागत नाही. “मिलिटरीत आहे, म्हैस घेतो, पैसे पाठवतो, तेवढा कोड स्कॅन करा” म्हणणारा चोर आहे. दुसरा कोड सिग्नलचाच असतो, संगणक जोडण्याचा. २०२५ च्या फेब्रुवारीत गूगलच्या सुरक्षा पथकाने दाखवून दिलं की रशियाशी संबंधित हेरगट गटाच्या आमंत्रणाच्या नावाखाली असे कोड पाठवत होते. स्कॅन केला की तुमचा प्रत्येक निरोप त्यांच्याही पडद्यावर. एन्क्रिप्शन शाबूत राहतं आणि तरी सगळं वाचलं जातं, कारण दार तुम्हीच उघडलेलं असतं. महिन्यातून एकदा सेटिंग्जमध्ये ‘जोडलेली उपकरणं’ उघडून पाहा. अनोळखी काही दिसलं तर तोडा. तिथेच खात्याच्या भागात ‘रजिस्ट्रेशन लॉक’ सुरू करा, म्हणजे तुमच्या नंबरवर दुसऱ्याला पिनशिवाय खातं उघडता येणार नाही. सिमकार्ड वारंवार बदलणाऱ्यांनी तर हे आजच करावं.

राहिलं जुन्या निरोपांचं. फोन पडला, पाण्यात गेला की सिग्नलवरचं सगळं जातं, आणि त्यात सौद्यांच्या सह्यांचे फोटोही जातात. अँड्रॉइडवर फोनमध्येच बॅकअप ठेवायची सोय आधीपासून आहे, तिला तीस अंकी परवलीचा आकडा लागतो. मात्र ती फाईल दुसरीकडे उतरवून ठेवली नाही तर फोनबरोबर तीही जाते. २०२५ च्या सप्टेंबरात सिग्नलने स्वतःकडे सुरक्षित बॅकअप ठेवायची सोय अँड्रॉइडच्या चाचणी आवृत्तीपासून सुरू केली. तिची चौसष्ट अक्षरांची चावी फक्त तुमच्याकडे असते, हरवली तर सिग्नललाही ती परत देता येत नाही. ती फोनमध्ये फोटो काढून ठेवण्यात अर्थ नाही. वहीत लिहा, सातबाऱ्याच्या कागदांच्या पिशवीत ठेवा, आणि पिशवी कुठे आहे ते घरातल्या एका माणसाला सांगून ठेवा.