कंबर धरते, मग धास्ती धरते

लागणीचे बेणे वाहताना किंवा तोडणीच्या हंगामात ट्रॉली भरताना कंबरेत कधी चमक भरली नाही, असा शेतकरी आपल्या कार्यक्षेत्रात सापडणे कठीण. यातली बहुतेक दुखणी काही आठवड्यांत ओसरतात. जी ओसरत नाहीत, त्यांच्या बाबतीत कंबरेबरोबर मनाचाही विचार करावा लागतो, असे आता फिजिओथेरपीचे शास्त्र सांगते. “म्हणजे आमचं दुखणं खोटं का?” असे कोणी विचारील. तसे मुळीच नाही. दुखणे खरेच असते. पण ते किती दिवस ठाण मांडून बसते, हे धास्तीवरही अवलंबून असते.

आता बघा कसे होते ते. फोटो काढला, “मणक्यात गॅप आहे” एवढे कानावर पडले, की गडी वाकायचा बंद होतो. उठताना श्वास रोखतो, खुरपे सुटते, सायकल भिंतीला लागते. न वापरल्याने स्नायू दुबळे होतात, मग थोड्या कामानेही दुखते आणि भीती आणखी पक्की होते. घरची माणसेही मायेपोटी “तुम्ही बसा, आम्ही करतो” म्हणतात. त्या मायेनेच माणूस खाटेला खिळतो, हे आम्हाला स्पष्ट सांगावेसे वाटते.

या ‘गॅप’ची एवढी धसकी घेण्याचे कारण नाही. ज्यांची पाठ अजिबात दुखत नव्हती, अशा लोकांच्या तपासण्यांचे आकडे २०१५ साली एकत्र प्रसिद्ध झाले. विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या मणक्यांतल्या चकत्या झिजलेल्या निघाल्या! केस पिकावेत तसाच हा प्रकार.

अमेरिकेत सिॲटल येथील विद्यापीठात विल्बर्ट फोर्डाइस नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. जुन्या दुखण्याच्या रोग्याला त्यांनी साधा नियम घालून दिला : दुखले म्हणून थांबायचे नाही, ठरवलेला आकडा पुरा झाला म्हणून थांबायचे. दुखल्यावर विश्रांती मिळाली, की शरीर दुखण्याचीच वाट बघू लागते. स्वीडनमध्ये गोथेनबर्गच्या व्होल्वो मोटार कारखान्यात पाठदुखीने रजेवर असलेल्या १०३ कामगारांवर हीच रीत तपासली गेली. १९९२ साली निष्कर्ष छापून आले. मोजून वाढवत नेलेल्या व्यायामाच्या गटातले कामगार इतरांपेक्षा लवकर कामावर परतले.

आपल्याकडे हे बांधावर करता येते. समजा, तीन दिवस चालून पाहिले आणि १०, १४, १२ मिनिटे जमली. सरासरी १२ आली, तर सुरुवात १० पासून करावी. दर दोन दिवसांनी एक मिनिट वाढवावे. वाईट दिवशी अगदीच सोडू नये, आणि बरे वाटले म्हणून एकाच दिवशी सगळी बांधणी उरकायलाही जाऊ नये. दुसरी चूक आपले लोक फार करतात! वाकणे, पाण्याची बादली उचलणे, हेही याच मापाने वाढवावे. पहिले काही दिवस फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली केले तर उत्तम. त्याच्यासमोर एकदा निर्धास्त वाकता आले, की अर्धी धास्ती तिथेच जाते.

मालिश, शेक, कंबर बसवून घेणे यांनी आराम पडतो, हे आम्ही नाकारत नाही. जाणत्या हाताच्या स्पर्शाने ताठलेले अंग सैल पडते. मात्र ‘कट्’ आवाज झाला म्हणजे सरकलेले हाड जागेवर बसले, असे नव्हे. तो सांध्यातल्या द्रवात होणाऱ्या वायूच्या पोकळीचा आवाज असतो. दर आठवड्याला कोणीतरी कंबर बसवल्याशिवाय आपले चालायचे नाही, असे मनाने घेतले तर तेही एक दुखणेच होऊन बसते. सैल झालेल्या अंगाने त्याच दिवशी थोडे चालावे, म्हणजे मालिशीचे पैसे वसूल.

काही लक्षणांत मात्र हे सारे बाजूला ठेवून तडक मोठा दवाखाना गाठावा : लघवी तुंबणे किंवा लघवी-शौचावर ताबा न राहणे, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरता, पायातली ताकद कमी होत जाणे, पाठदुखीबरोबर ताप, उगाच घटणारे वजन, किंवा ट्रॉलीवरून पडल्यानंतर सुरू झालेले दुखणे. यातले पहिले तीन दिसले तर रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नये.