मोटारीचा एक्सल घरी बदलताना

माझ्या पुतण्याने जुनी मारुती ८०० घेतली. काही दिवसांनी ती वळणावर कट-कट आवाज करू लागली. सरळ रस्त्यावर आवाज बंद. तो म्हणाला, "काका, गाडी चालतेय ना? मग चालू द्या."

मी म्हणालो, "अरे, बैलगाडीचा आस कुरकुरला तर आपण लगेच वंगण घालतो. मग हिचीच हयगय का?"

या गाडीचे इंजिन पुढची चाके फिरवते. त्याचा जोर दोन दांड्यांतून चाकांपर्यंत जातो. या दांडीला एक्सल म्हणतात. चाक वळले तरी दांडी फिरावी म्हणून तिला सांधे असतात. सांध्यात ग्रीस भरलेले असते. वर रबराचे आवरण असते. रबर फाटले की ग्रीस उडून जाते. धूळ व पाणी आत शिरते. सांधा झिजतो.

रबर नुकतेच फाटले असेल, तर रबर आणि ग्रीस बदलून भागते. खर्च थोडा येतो. कट-कट सुरू झाली की मात्र सांधा किंवा अख्खा एक्सल बदलावा लागतो.

पुतण्याने घरीच काम करायचे ठरवले. गाडी नुसत्या जॅकवर उचलली, चाक काढले आणि तो खाली शिरला. पाना विसरला म्हणून बाहेर आला. तेवढ्यात मऊ मातीत जॅक कलला. गाडी धाडकन खाली आली! आम्हा दोघांनाही बराच वेळ शब्द फुटेना.

मग गाडी फरशीवर घेतली. मागच्या चाकांना दगड लावले. लोखंडी घोड्या भाड्याने आणल्या. आता कामाची रीत ऐका :

१. चाकाच्या मधला मोठा नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा.
२. गाडी उचलून घोडीवर टेकवा. विटा लावू नका, त्या फुटतात.
३. एक्सल ओढताना गिअरचे तेल सांडते. खाली घमेले ठेवा.
४. जुना एक्सल घेताना सांधा हाताने फिरवून पाहा. खडखडला तर घेऊ नका.
५. तेल पुन्हा भरा. नट घट्ट आवळा. पिन नवीच घाला.

दुसऱ्या बाजूचे रबर शाबूत होते. म्हणून एकच एक्सल बदलला. तिथे पैसे वाचले. घोडीचे भाडे मात्र वाचवू नये. पैसा पुन्हा मिळतो, माणूस मिळत नाही.

प्रश्न : १. रबर फाटल्यावर सांधा का झिजतो? २. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली का शिरू नये?