नवऱ्याला शुगर आहे, मूल होईल ना?

लग्नाला दोन वर्षं झालेली, नवऱ्याची शुगर तिशीतच निघालेली आणि अजून दिवस राहिलेले नाहीत. बेल्हे, आळे, मंचर या भागातल्या दवाखान्यांत हा प्रश्न विचारते ती बायको, आणि तोही बहुतेक वेळा नवरा औषधं घ्यायला बाहेर गेल्यावर. नवऱ्यासमोर विचारलं तर त्याला कमीपणा वाटेल, सासूसमोर विचारलं तर घरभर होईल, ही तिची धास्ती. उत्तर मात्र दोघांनी मिळून ऐकण्यासारखं आहे आणि ते बरंचसं दिलासा देणारं आहे. मधुमेह असलेले बहुसंख्य पुरुष बाप होतात. साखर वर्षानुवर्षं मोकाट राहिली, तर अडचणी येऊ शकतात. पण त्या ओळखता येतात आणि पुष्कळदा सुधारताही येतात.

पहिली अडचण ताठरतेची. वाढलेली साखर बारीक रक्तवाहिन्या आणि नसा दोन्ही खराब करते, त्यामुळे मधुमेही पुरुषांत हा त्रास इतरांपेक्षा जास्त आणि लवकर दिसतो. याला मानसिक म्हणून सोडून देऊ नये. कधी कधी ती हृदयाच्या रक्तवाहिन्यांनी दिलेली पहिली सूचना असते. गोळ्या आहेत, पण छातीत दुखण्यासाठी नायट्रेटचं औषध चालू असेल तर त्या जिवावर बेततात. म्हणून मेडिकलमधून परस्पर गोळी आणणं धोक्याचं.

दुसरी अडचण फारशी कुणाला माहीत नसते. मूत्राशयाच्या तोंडाशी असलेल्या नसा दुबळ्या झाल्या की वीर्य बाहेर न पडता उलट मूत्राशयात जातं. संबंधानंतर वीर्य अगदी थोडं येतं किंवा येतच नाही, आणि नंतरची लघवी गढूळ दिसते. अशा वेळी लघवीची तपासणी करून खात्री करता येते. काही औषधांनी फरक पडतो, आणि नाहीच पडला तर लघवीतून शुक्राणू वेगळे काढून गर्भधारणेसाठी वापरता येतात.

तिसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. बेलफास्टच्या संशोधकांनी 2007 साली इन्सुलिनवर असलेल्या मधुमेही पुरुषांचं वीर्य तपासलं. शुक्राणूंची संख्या, हालचाल आणि आकार ठीकच होते; वीर्याचं प्रमाण तेवढं थोडं कमी होतं. पण शुक्राणूंतल्या डीएनएची मोडतोड 53 टक्के निघाली. मधुमेह नसलेल्या पुरुषांत ती 32 टक्के होती. अभ्यास लहान होता, तरी त्यातून एक कळतं: साधा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून साखरेकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

इथे तीन महिन्यांचा हिशेब कामाला येतो. शुक्राणू तयार होऊन बाहेर पडेपर्यंत साधारण तितकाच काळ जातो, आणि एचबीए१सी ही रक्ततपासणीही मागच्या तीन महिन्यांची साखर सांगते. आज सुरू केलेली शिस्त तीन महिन्यांनंतरच्या शुक्राणूंत दिसू शकते. बहुतेक तरुण रुग्णांनी एचबीए१सी 7च्या आसपास किंवा खाली आणावं. तंबाखू आणि दारू याच काळात सोडावी. रात्रीच्या लाइटला पाणी भरणाऱ्या शेतकऱ्याचं जेवण आणि झोप दोन्ही बिघडतात, म्हणून गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांना ही अडचण सांगून ठरवून घ्याव्यात. मासवडी खाऊ नये असं कुणी सांगत नाही. बेसन-शेंगदाण्याची मासवडी आणि बाजरीची भाकरी चालते, आवरायचा तो दिवसातून सहा वेळा होणारा साखरेचा चहा.

मेटफॉर्मिनची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. 2022 साली डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात, वडील ही गोळी घेत असताना झालेल्या मुलांत जन्मजात दोष किंचित जास्त दिसले आणि बरीच घबराट पसरली. 2024 मध्ये नॉर्वे आणि तैवानमधली मोठी माहिती तपासली गेली, तेव्हा तसा वाढीव धोका आढळला नाही. खरी भीती बाळगावी ती जिममध्ये किंवा ‘ताकदीसाठी’ घेतल्या जाणाऱ्या टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनची. बाहेरून हार्मोन मिळाला की शरीर शुक्राणू बनवणं थांबवतं.

‘पण हे तर सडपातळ आहेत, शुगर झालीच कशी?’ हा प्रश्न या भागात हमखास येतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांच्याशेजारी उभं राहून काढलेला फोटो 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, 22.3. युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के. सडपातळ दिसणाऱ्या आपल्या माणसाच्या पोटात चरबी लपलेली असते, ती अशी. त्यांच्याच चमूने 1993 पासून पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत गरोदर बायांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. जन्मतःच वजनाने हलकी पण चरबीने भरलेली बाळं आणि बहुतेक आयांत ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता, हे त्यातून पुढे आलं. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्याने ब-12 आणखी घटतं. म्हणून शाकाहारी नवऱ्याचं ब-12 तपासून घ्यायलाच हवं.

मूल न होण्याची तपासणी मात्र आजही बाईपासून सुरू होते. सोनोग्राफी, नळ्यांची तपासणी, वेळ पडली तर दुर्बीण, सगळं तिच्या वाट्याला येतं आणि नवऱ्याची वीर्यतपासणी शेवटी कधीतरी होते. हे सरळसरळ अन्यायाचं आहे. सुमारे निम्म्या जोडप्यांत कारण पुरुषाकडेही असतं आणि त्याची तपासणी सर्वांत सोपी व स्वस्त आहे. दोन ते सात दिवस संबंध टाळायचे, लॅबने दिलेल्या स्वच्छ डबीत नमुना घ्यायचा. तेल, साबण, निरोध काही वापरायचं नाही. नमुना तासाभरात लॅबमध्ये पोचला पाहिजे, तोही अंगाच्या उबेत, शर्टाच्या आतल्या खिशात. बेल्ह्याहून पुण्याला नमुना पाठवण्यात अर्थ नाही. आळेफाटा किंवा नारायणगावच्या लॅबला आधी विचारून तिथेच जावं. पहिला रिपोर्ट वाईट आला तर घाबरून न जाता काही आठवड्यांनी पुन्हा करावा.

आणि बाळाला मधुमेह होईल का? एका पालकाला टाइप 2 असेल तर मुलाची शक्यता वाढते हे खरं, पण मूल मधुमेह घेऊनच जन्माला येतं असं नाही. वजन, हालचाल आणि खाणं यांवर पुढचं पुष्कळ अवलंबून असतं. टाइप 1 असलेल्या वडिलांच्या शंभर मुलांपैकी नव्वदहून अधिक मुलांना तो होत नाही.

नियमित प्रयत्न करून वर्ष झालं, किंवा बायकोचं वय पस्तिशीपुढे असून सहा महिने झाले, तर तज्ज्ञांकडे जावं. ताठरतेचा किंवा वीर्य कमी येण्याचा त्रास असेल तर तितकंही थांबू नये. टेस्ट ट्यूबचं केंद्र निवडताना 2021च्या कायद्याखाली त्याची नोंदणी आहे का, हे विचारण्याचा हक्क प्रत्येक जोडप्याला आहे.

दरम्यान बायकोने फॉलिक ॲसिडची गोळी आताच सुरू करावी आणि स्वतःची साखरही तपासून घ्यावी. तिलाही मधुमेह असेल तर दिवस राहण्याआधी एचबीए१सी साडेसहाच्या खाली आणणं बाळासाठी फार महत्त्वाचं आहे, आणि अशा वेळी फॉलिक ॲसिडचा डोसही जास्त लागतो. तिला मधुमेह नसला तरी पाळी चुकली की उशीर न करता प्राथमिक आरोग्य केंद्रात नाव नोंदवावं. 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी केली जाणारी साखरेची तपासणी पहिल्याच भेटीत मागून घ्यावी.