दोन मापांवरून विजेचा हिशेब

आपल्या बहुतेक घरांत विजेचा मीटर आहे. परंतु त्या विजेचा हिशेब मांडता येणारी व्यक्ती प्रत्येक घरात असतेच असे नाही. मी इतिहासाचा शिक्षक असूनही हा विज्ञानाचा पाठ लिहावयास घेतला, त्याला एक प्रसंग कारण झाला.

काही वर्षांपूर्वी एका वसतिगृहात हिवाळ्यातील सकाळी मुलांनी पाणी तापवण्याचा रॉड आणि इस्त्री एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावली. काही वेळाने जळका वास येऊ लागला. एका मोठ्या विद्यार्थ्याने प्रसंगावधान राखून मेन स्विच बंद केला, म्हणून कोणास इजा झाली नाही. बोर्ड मात्र वितळून काळा पडला होता. ‘बोर्डच खराब होता’ असे सर्वांनी म्हटले. त्याच दिवशी आम्ही फळ्यावर हिशेब मांडला आणि खरे कारण कळले. तोच हिशेब येथे देत आहे.

प्रथम तीन शब्द समजून घेऊ. वीज ज्या जोराने ढकलली जाते ते विभवांतर. ते व्होल्टमध्ये मोजतात. तारेतून वाहते ती विद्युतधारा. ती अँपिअरमध्ये मोजतात. वाहक तिला जो अडथळा करतो तो रोध. त्याचे एकक ओहम. पहिली दोन मापे हाती असली की दोन उत्तरे मिळतात :

रोध = विभवांतर ÷ विद्युतधारा
शक्ती = विभवांतर × विद्युतधारा

शक्ती वॅटमध्ये येते. समजा, 3 व्होल्टच्या बॅटरीवर लावलेल्या लहान दिव्यातून 0.3 अँपिअर धारा वाहते. त्याचा रोध 3 ÷ 0.3 म्हणजे 10 ओहम आणि शक्ती 3 × 0.3 म्हणजे 0.9 वॅट.

यांपैकी पहिला नियम ज्याच्या नावाने ओळखला जातो, तो गेओर्ग ओहम हाही शाळाशिक्षकच होता. त्याचा जन्म 1789 मध्ये जर्मनीतील एरलांगेन येथे झाला. वडील कुलुपे बनविणारे कारागीर. त्यांनी स्वतः शिकून मुलांना गणित शिकविले. कोलोन येथे अध्यापन करीत असताना ओहमने वेगवेगळ्या लांबीच्या तारांवर प्रयोग केले आणि 1827 मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. मायदेशात त्याचे स्वागत थंडपणे झाले. लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यास कोपली पदक दिले ते 1841 मध्ये. पुढे 1881 च्या पॅरिस येथील विद्युत परिषदेत रोधाच्या एककास त्याचे नाव स्वीकारण्यात आले.

आता त्या सकाळच्या बोर्डाकडे वळू. घरातील विभवांतर 230 व्होल्ट धरू. इस्त्रीवर 1000 वॅट लिहिलेले होते. 1000 ÷ 230 म्हणजे सुमारे 4.3 अँपिअर धारा आणि सुमारे 53 ओहम रोध. रॉडवर 1500 वॅट होते. धारा सुमारे 6.5 अँपिअर, रोध सुमारे 35 ओहम. अधिक वॅटच्या उपकरणाचा रोध कमी निघतो, याचे मुलांना नवल वाटले. परंतु विभवांतर तेच असता कमी अडथळ्यातून अधिक धारा वाहणार, हे उघड आहे. दोहोंची बेरीज सुमारे 10.9 अँपिअर झाली. बोर्डावर 6 अँपिअर छापलेले होते! म्हणजे एकटा रॉडसुद्धा त्यास जड होता.

अधिक धारेने बोर्ड का वितळावा? विभवांतर म्हणजे धारा गुणिले रोध. ते शक्तीच्या सूत्रात घातले की :

शक्ती = धारा × धारा × रोध

समजा, पिन सैल बसल्यामुळे सांध्याचा रोध अर्धा ओहम आहे. 5 अँपिअर धारेला तेथे 5 × 5 × 0.5 म्हणजे 12.5 वॅट उष्णता निर्माण होईल; 10 अँपिअरला 50 वॅट. धारा दुप्पट झाली की उष्णता चौपट होते. एवढी उष्णता बोटाच्या पेराएवढ्या जागेत साठली, तर प्लास्टिक कसे टिकेल?

गावाकडे विभवांतर उतरते, तेव्हा इस्त्री लवकर तापत नाही. त्याचाही उलगडा याच हिशेबात आहे. रोध 53 ओहमच्या आसपासच राहतो. 180 व्होल्ट असताना धारा सुमारे 3.4 अँपिअर होते आणि शक्ती सुमारे 612 वॅट. विभवांतर पाचव्या हिश्श्याहून थोडे अधिक उतरले. शक्ती मात्र जवळजवळ दोन पंचमांश घटली.

दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. तारेच्या जुन्या बल्बचा रोध थंड असताना मोजला, तर पेटलेल्या बल्बच्या मानाने फारच कमी भरतो. म्हणून मापे उपकरण चालू असतानाची हवीत. तसेच पंखा आणि पंप यांस वरील सूत्रे जशीच्या तशी लावू नयेत. मोटारीत विभवांतर आणि धारा यांचा गुणाकार प्रत्यक्ष वॅटपेक्षा अधिक येतो. रॉड, इस्त्री, शेगडी यांना मात्र हा हिशेब चपखल बसतो.

बिलाचे गणितही येथूनच सुरू होते. 1000 वॅटचे उपकरण एक तास चालले की 1 युनिट. 1500 वॅटचा रॉड 20 मिनिटे लावला, तर अर्धे युनिट.

घरच्या विजेची धारा मोजण्याचे धाडस मुलांनी करू नये. प्रयोग बॅटरीवरच करावेत. घरात उपकरणावर छापलेला वॅटचा आकडा वाचणे पुरेसे आहे. हे वाचून झाल्यावर पालकांनी मुलांना जवळ बसवावे, एका बोर्डावर लागणाऱ्या उपकरणांच्या वॅटची बेरीज करावी आणि तिला 230 ने भागावे. येणारे उत्तर बोर्डावरील अँपिअरहून अधिक असेल, तर एक उपकरण त्याच दिवशी काढावे. त्या विद्यार्थ्याने वेळीच मेन स्विच बंद केला. तशी वेळ आपल्या घरी येऊच नये, यासाठी हा पाठ.