रोड बाइकची फ्रेम: अॅल्युमिनियम, कार्बन की स्टील?

प्रश्न: पहिली रोड बाइक घ्यायची आहे. बजेट लाखभर रुपये. रविवारी सिंहगड, कधी महाबळेश्वर. फ्रेम कशाची घ्यावी?
– एक वाचक, पुणे

उत्तर: तुमच्यासाठी अॅल्युमिनियमची फ्रेम आणि कार्बनचा फोर्क योग्य. अॅल्युमिनियमची घनता पोलादाच्या साधारण एक तृतीयांश असते, त्यामुळे फ्रेम हलकी होते; शिवाय पावसाळ्यात तिच्यावर लोखंडासारखा गंज चढत नाही. वाचलेले पैसे चांगल्या चाकांवर आणि ब्रेकवर घाला.

कार्बन सर्वांत हलका. धाग्यांची दिशा बदलून फ्रेम कुठे ताठ, कुठे लवचीक ठेवायची हे ठरवता येतं. पण जोराचा आघात झाल्यावर आतले थर सुटले तरी वरून दिसतीलच असं नाही. म्हणून पडल्यावर जाणकाराकडून तपासणी हवीच आणि बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळायचे.

क्रोमोली स्टील जड, पण टिकाऊ. ते वेल्डिंगने दुरुस्त होतं, मात्र नळ्यांना आतून गंजरोधक फवारा मारून घ्या.

खड्ड्यांचे हादरे फ्रेमपेक्षा टायर जास्त शोषतात. त्यामुळे २८ ते ३२ मिमी रुंदीचे टायर बसतील अशीच फ्रेम निवडा. आणि सर्वांत आधी माप पाहा: अंगाला न बसणारी महागडी फ्रेम पाठ आणि गुडघे दुखवते.